सिंधूची नवमी, दामूची चौदस

प्रिय सिंधू,

वर ‘सौ.’ लिहायला घेतलं आणि हात अडला. ‘गं. भा.’ लिहावं, तर तेही बोटातून उतरेना. शेवटी तुझ्या लेकीला, वैजूला विचारलं, नुसतंच काय लिहितात गं? ती म्हणाली, "प्रिय लिही, आजी." तू घरात आलीस तेव्हापासून मी तुला ‘अगं’ म्हटलं, ‘दामूची बायको’ म्हटलं, रागात आणखी काय काय म्हटलं, पण प्रिय कधी म्हटलं नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. हस खुशाल. लिहिलंय खरं.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. जोडाक्षर आलं की चिखलात चाक रुतावं तशी रुतते. तरी बसले लिहायला, कारण नवमी तोंडावर आली आणि मला ठरवायचंय. विचारायचं ते तुलाच. आणि तू तर वर जाऊन बसलीस!

तुझं वर्षश्राद्ध श्रावणात झालं. आता हा पितृपक्ष. नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळानं गेलेल्या बाईची अविधवा नवमी घालतात. सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. पण कुठवर? नवरा हयात असेतोवर. तो गेला की नवमी बंद. आणि शस्त्रानं मेलेल्याचं पान वाढायचं चौदसला, मग त्याची तिथी कुठलीही असो. हे सगळं मीच तुला शिकवलेलं, परत सांगायचं कारण नाही. पण लिहिल्याशिवाय मला समोर दिसेना. म्हणजे असं बघ, नवमीला मी सवाष्ण बोलावली तर माझा दामू जिवंत. नाही बोलावली, तर चौदसला माझ्याच पोराचं पान मला वाढावं लागणार.

गेल्या महिन्यापर्यंत मला हा प्रश्नच नव्हता. तुझ्या लेकीच्या सिनेमानं तो घरात आणला.

कसला मेला सिनेमा तो! नाच नाही, गाणं नाही, मारामारी नाही. पुण्याला शिकायला धाडलीस तेव्हाच मी म्हटलं होतं, पोरीच्या जातीला हे कसलं शिक्षण? तू मशीनवरून मानसुद्धा वर केली नाहीस. ब्लाउजाची बाही लावत म्हणालीस, "जाऊ द्या, आत्याबाई. तिला जे बघायचंय ते बघू द्या." तेव्हा मला कळायला हवं होतं की तुझ्या मनात काहीतरी शिजतंय.

तू होतीस तेव्हाच ती कॅमेरा घेऊन आली होती, बरोबर दाढीवाला एक पोरगा आणि काडीसारखी एक पोरगी. म्हणाली, "आजी, मी बाबांवर माहितीपट करतेय. लढाईवर गेलेल्याच्या घरात मागं काय राहतं, त्याच्यावर."

मी विचारलं, "माहितीपट म्हणजे काय गं?"

"म्हणजे जे खरं आहे ते दाखवायचं."

आणि त्या खऱ्यासाठी मला तीनदा चहा ओतायला लावला! एकदा म्हणे उजेड कमी पडला, एकदा म्हणे दाढीवाल्याचा पाय मध्ये आला. मी ओट्यावरून उठून दारात यायचं, परत जायचं, परत यायचं. मी म्हटलं, "बाई, एकदा आले ते खरं. आता दुसऱ्यांदा येते ते खोटं नाही का?" तू चुलीपाशी खाली मान घालून हसत होतीस. तुझं हसू त्या सिनेमात आलंय बरं का. माझा आवाज आणि तुझं हसू. तुझं तोंड दिसत नाही, नुसते खांदे हलताना दिसतात.

दामूबद्दल मला विचारलं तेव्हा मी सांगायचं ते सांगितलं. पोरगा अंगानं आडदांड होता, मुळ्याची भाजी बघितली की ताटावरून उठायचा, मिल्ट्रीत गेला तेव्हा वैजू पाळण्यात होती. बांगलादेशच्या लढाईत तार आली, बेपत्ता. नंतर सरकारनं कागद धाडला, मेला असं समजा. समजा म्हणजे काय? समजायला तो काय कोडं होता? त्यांना सापडला नाही, म्हणून मी समजायचं? असं सगळं मी कॅमेऱ्यात तोंड करून सांगितलं. दाढीवाला खूष झाला. म्हणाला, "आजी, एकच नंबर." मेल्या, माझा पोरगा हरवलाय आणि तुझा एकच नंबर!

मग दुसऱ्या दिवशी तू मला पेठला माझ्या लेकीकडे धाडलंस. तिकडची नागली संपलीय, पापड करायचेत, तुम्हीच जाऊन निवडून आणा, दुसऱ्या कोणाला पारख नाही. मी फुगले. दुसऱ्या कोणाला पारख नाही म्हटल्यावर कोण नाही फुगणार? सकाळच्या एस.टी.नं गेले, संध्याकाळी पिशवी भरून आले. तू दारात उभी होतीस, कपाळावर कुंकू ताजं. माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं ते. मनात म्हटलं, आज दोनदा लावलंय की काय. पण विचारलं नाही. पाय दुखत होते.

त्यानंतर पुढच्याच श्रावणात तुला कावीळ झाली आणि तू आटोपतं घेतलंस.

तुला कसं पाठवलं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. थाटात पाठवलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, ओटीत तांदूळ, खोबरं, हळकुंड. मी विधवा, मला हात लावता येईना, म्हणून भिंतीशी बसून मी शेजारच्या गयाबाईकडून सगळं करून घेतलं. तिनं तुझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. मी म्हटलं, "गया, आणखी मोठं लाव, लांबून दिसलं पाहिजे." गल्लीतल्या सगळ्या सवाष्णी तुझ्या पाया पडल्या. तुझ्या पायाचं कुंकू उचलून त्यांनी आपापल्या कपाळाला लावलं. "नशीबवान हो, अहेव गेली," असं म्हणत होत्या. याच बायका इतकी वर्षं तुला काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. नवऱ्याचा पत्ता नाही आणि नटते कोणासाठी, म्हणायच्या. मी त्या दिवशी भिंतीशी बसून एकेकीला बघत होते. मला बरं वाटत होतं, सिंधू. खोटं कशाला सांगू? मनात म्हटलं, वाकताय ना? वाका आता.

दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड मांडला आणि कावळा शिवेना. शेजारच्या पिंडांवर झुंबड आणि तुझ्याकडे एक फिरकेना. दामूच्या चुलतभावानं हात जोडून सांगितलं, "वहिनी, वैजूचं शिक्षण पुरं करू." नाही. "म्हातारीला अंतर देणार नाही." नाही. मग मी पुढं झाले. मला वाटलं, मला कळलंय तुला काय हवंय. मोठ्यानं म्हणाले, "सिंधू, दामू आला की पहिला त्याला इथं आणीन. तुझ्या जागी आणून उभा करीन." कावळे उलटे लांब जाऊन बसले. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि उन्हाच्या आधी घरी आलो.

कावळ्याला काय कळतं म्हणा. गर्दी फार होती, भ्याला असेल.

आता सिनेमाचं सांगते. वैजू गेल्या महिन्यात आली ती नाशिक रोडहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं घेऊन, टेम्पोत घालून. खिडकीला गोधडी बांधली. मी म्हटलं, "बोलाव गल्लीला, एवढं आणलंयस तर." ती म्हणाली, "आधी तू एकटीनं बघ, आजी. दिवाळीनंतर गावात दाखवायचाय आणि पुण्यातही. पण तुला विचारल्याशिवाय नाही."

आधी धुराडी आली, एकलहऱ्याच्या वीजघराची, आपल्या बांधावरून दिसतात तशी. मग मी आले, चहा ओतताना. एकदाच! तीनदा ओतलेल्यातला एकच ठेवला. मग आपलं घर, दामूचा मिल्ट्रीतला फोटो. आणि मग तू.

एकदम समोर. माजघरात, खिडकीजवळ, शिवणाच्या मशीनशी. तुझ्यामागं दोरीवर माझं लुगडं वाळत होतं आणि पाण्याच्या हंड्यावर झाकण नव्हतं. कितीदा सांगितलं होतं! आधी माझा जीव त्या हंड्यात अडकला. मग तू बोलायला लागलीस आणि हंडा कुठं गेला ते कळलं नाही.

वैजू दिसत नाही, नुसता आवाज. "आई, बाबा परत येतील असं तुला वाटतं?"

तू म्हणालीस, "नाही. ते गेले. मला ठाऊक हाय."

"म्हणजे तुला तसं वाटतं?"

"वाटत नाय गं. ठाऊक हाय. त्यांच्याबरोबरचा शिपाई आला होता, सटाण्याकडचा. पायाला लागलं म्हणून दवाखान्यात पडून होता, सुटल्या सुटल्या आला. त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. शेतात सुरुंग पेरले होते. पेरलेल्या रानात तुझे बाबा गेले."

वैजूनं काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. तू म्हणालीस, "मी त्याला तेच विचारलं, की आणायला काय उरलं का. तर तो त्याच्या भाषेत म्हणाला, ‘आनाले काहीच नही शे, वहिनी.’ काही सापडलं नाय म्हणून तर बेपत्ता लिहिलं सरकारनं."

सिंधू, तो माणूस मी बघितला होता!

ती तार आल्यापासून मी आडवीच होते. पाणी पाजलं तर प्यायची, नाहीतर भिंतीकडे तोंड. मग उन्हाळ्याच्या तोंडाला शाळेतल्या मास्तरांनी येऊन सांगितलं की बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, तिकडं कैदेत असेल, कैदी सुटणार आहेत. त्या दिवशी मी उठले. अंघोळ केली, चुलीपाशी बसले आणि परात पुढं ओढली. तेवढ्यात बांधावर तुझ्याशी कोणी बोलताना दिसला, काठी टेकत उभा. मी आतून ओरडले, "कोण गं?" तू म्हणालीस, "वाट चुकलाय, आत्याबाई. धुराड्याच्या कामावर जायचंय त्याला, एकलहऱ्याचा रस्ता विचारतोय." मी म्हटलं, "उपाशी दिसतोय. दोन भाकरी दे त्याला."

तू आत आलीस, भाकरी घेतल्यास, त्यावर मिरचीचा ठेचा घातलास. तुझा हात थरथरला नाही. मी बघत होते ना! पोराच्या मरणाची बातमी घेऊन आलेल्या माणसाला मी भाकरी बांधून दिली, आणि तू ती नेऊन दिलीस, आणि येऊन माझ्यापुढं जेवायला बसलीस!

का गं?

ते तू वैजूला सांगितलंस. मला नाही. "आत्याबाई त्या दिवशी पहिल्यांदा चुलीपाशी बसल्या होत्या. तो बांधावर सांगत होता आणि घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग उद्या त्यांनी रेडिओ मागून आणला, कैद्यांची नावं सांगतील म्हणून. मग परवा. मग दिवाळी आली. मग इतका उशीर झाला, की सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, एवढे दिवस काय करत होतीस?"

विचारलंच असतं. सोडलं असतं का मी?

तो रेडिओ आठवला मला. परत आलेल्यांची नावं सांगणार असं कोणीतरी उठवलं होतं. आपण दोघी ओट्यावर बसायचो. मी कान लावून, तू शेंगा फोडत. आडनाव जरासं सारखं आलं की मी तुझा हात धरायची. तू म्हणायचीस, "हे नव्हं, आत्याबाई. उद्या ऐकू." उद्या ऐकू! तुला ठाऊक असून! एवढं थंड काळीज कुठून आणलंस तू? का ते थंड नव्हतं? शेंगांची टरफलं तेवढी बारीक का व्हायची, ते आता कळतंय.

आणि तुझा भाऊ आला होता ते? सरकारचा समजा-कागद आल्यावर आला. म्हणाला, "मावशी, सरकारनंच सांगितलंय. सिंधूचं वय काय हाय? पाट लावून देतो. माणूस चांगला हाय, पोरगी पण सांभाळायला तयार हाय." मी केरसुणी घेतली हातात. म्हटलं, "माझा पोरगा जिता हाय. जितेपणी बायकोचा पाट लावायला निघालास? चालता हो." तू दारात उभी होतीस. एक शब्द काढला असतास, "ते गेलेत" एवढाच, तर तुझा संसार झाला असता. वैजूला बाप मिळाला असता. तू आत गेलीस आणि भावाच्या डब्यात लोणचं भरून आणलंस. त्यानं घेतलं नाही. ते लोणचं आपण पुढं महिनाभर खाल्लं.

मला तुझा राग येतोय, सिंधू. आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दामूच्या पाठीवरचे दोन मी माझ्या हातांनी पुरलेत. एक देवीनं गेला, एक दिवसाचा असताना गेला. तिसरं मला पेलणार नाही, असं तुला कोणी सांगितलं? पोराचं सुतक हा आईचा हक्क असतो. तो तू एकटीनं खाल्लास. मला काय ठेवलंस? रस्ता. एस.टी. थांबली की मान वर करायची, माणसं उतरली की मोजून मान खाली घालायची. दर दिवाळीला त्याचा पाट मांडायचा, उटणं भिजवायचं आणि दुपारी ते तसंच वाळलेलं उकिरड्यावर टाकायचं. तू टाकायचीस ते. मला टाकू द्यायची नाहीस.

बरं, मी काही माफीबिफी मागायला बसलेली नाही. तूही मागू नकोस. आता मागून कोणाला पोचणार?

पण सिनेमात अजून पुढं आहे. त्याच्यावरच तर वैजूनं मला कोंडीत धरलंय.

तिनं विचारलं, "आई, मग तू कुंकू का लावत राहिलीस?"

तू म्हणालीस, "ते माझं नव्हतं गं. आत्याबाईंचं होतं. सकाळी उठल्या की आधी माझ्या कपाळाकडे बघायच्या, मग तोंड धुवायच्या."

बघायची मी. खरं आहे. तुझ्या कपाळावर माझा पोरगा जिवंत होता. बाकी कुठं नव्हता.

मग तू काय केलंस? पदराचं टोक घेतलंस, जिभेला लावलंस आणि कपाळ पुसलंस. सावकाश, गोल गोल, लेकराचं तोंड पुसावं तसं. आणि बसून राहिलीस. उघडं कपाळ. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण तुझ्या कपाळावर मधोमध इवलासा व्रण आहे हे मला माहीतच नव्हतं! रडलीही नाहीस. नुसती बसलीस. बाहेर कोणाची तरी सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली. मशीनच्या चाकावर तुझा हात होता.

मग तू उठलीस, फळीवरचा करंडा काढलास, आरशात बघून परत लावलंस आणि म्हणालीस, "चला. आत्याबाई पेठहून येतील आता. आटपा तुमचं."

वैजूनं टीव्ही बंद केला. ती रडत होती. मी म्हटलं, "परत लाव."

"आजी, नको."

"लाव म्हटलं ना. तिनं पुसलं तिथून लाव."

तिनं लावलं. मी जवळ सरकून बसले. काचेला हात लावला तर काच चटचटली, हात मागे घेतला.

मग वैजू म्हणाली, "आजी, तू सांगशील तसं. हा भाग काढायचा तर मी काढते. मग बाबा बेपत्ता, एवढंच राहील. आईनं तुला न सांगता मला सांगितलं, पण ती म्हणाली होती, मी असेपर्यंत आजीला दाखवू नको. नंतर काय करायचं ते बोलली नाही."

म्हणजे तेही माझ्यावर टाकून गेलीस. छान!

काढलं तर बरं, असं मला पहिल्यांदा वाटलं. का वाटू नये? ज्या बायका तुझ्या पायाचं कुंकू लावून गेल्या, त्याच उद्या शाळेच्या पटांगणात बसून हे बघणार. विधवेच्या पायाचं कुंकू आम्हाला लावायला लावलं, म्हणून बोंब मारणार. म्हातारीनं आणि सुनेनं मिळून गावाला फसवलं म्हणणार. वैजूला कोण करून घेईल, हाही विचार येऊन गेला. आणि खरं सांगू? मला गावाची भीती नव्हती. काढलं असतं तर दामू राहिला असता. कुठंतरी, परक्या मुलखात, म्हातारा होत चाललेला, पण राहिला असता. नवमीला गयाबाई जेवायला आली असती आणि मी परत एस.टी.कडे बघत बसले असते. सवयीचंच होतं ते.

काल इथवर लिहिलं आणि ठेवून दिलं. डोळ्यांना दिसेना. आज सकाळी गयाबाई आपणहून आली, म्हणून पुढचं लिहिते.

ओट्यावर बसली, मिश्री लावली. म्हणाली, "काकू, नवमीचं आवतन अजून कसं दिलं नाय? मी तुमच्यासाठी दिवस मोकळा ठेवलाय. आणि हे बघा, साडी हिरवी नका आणू. औंदा तिघींनी हिरवीच घेऊन ठेवलीय, मला कळलंय."

मी म्हटलं, "गया, आमच्याकडं नवमी नाही."

"अगंबाई! का? सिंधू तर अहेव गेली."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मग मी बोलले. आजवर हे तोंडातून काढलं नव्हतं, मनातही नाही. "दामू गेला," म्हटलं.

ती उठून उभीच राहिली. "कधी? तार आली का काय?"

"मागंच गेला. लढाईतच. मला कळायला उशीर झाला."

तिचं मिश्रीचं बोट तसंच तोंडाशी. मग तिचा हात आपल्या कपाळाकडे गेला आणि मला कळलं तिला काय आठवलं ते. मी म्हटलं, "हो. तिच्याच पायाचं लावलं होतंस. तुझा नवरा धडधाकट आहे ना? मग झालं. घरी जा." गेली. गल्लीत आता कळलंच असेल.

सिंधू, मला वाटलं होतं, हे बोलले की माझ्यातलं काहीतरी मोडेल. काही मोडलं नाही. ओट्यावर ऊन होतं, कोंबडी फिरत होती. दहाची एस.टी. आली, थांबली, आणि मी मान वर केली नाही. तेवढंच झालं. पण हेच सगळ्यात वाईट आहे बघ. इतकी वर्षं ती मान दुखायची, आता ती दुखणार नाही. वाट बघणं हेच माझं काम होतं. आता सकाळी उठून मी काय करायचं?

आणि भांडायला तरी कोण आहे? तू असतीस तर हे सगळं तुझ्या तोंडावर फेकलं असतं. तू लोणच्याची बरणी पुसत ऐकून घेतलं असतंस आणि शेवटी म्हणाली असतीस, "झालं तुमचं? चहा टाकू?" आता मी कोणावर ओरडू? वैजू ओरडलं की रडते. काही कामाची नाही.

भटजीला विचारून आले. सुरुंग शस्त्रात धरतात का? तो म्हणाला, धरतात, आजी. म्हणजे चौदसच. मुळ्याची भाजी करणार नाही, तेवढं त्याच्यासाठी. तुझं पान त्याच्या शेजारी वाढीन. नवमीची सवाष्ण म्हणून नाही, त्याची बायको म्हणून. कॅमेरा त्या दिवशी नको, असं वैजूला सांगितलंय. ते तीनदा वाढायला लावतील.

वैजूला सांगितलंय, काही काढू नको. ज्याला बोंब मारायचीय तो मारू दे. तुझ्या नवऱ्याच्या मरणाला उघड्या कपाळानं बसायला तुला तेवढाच वेळ मिळाला, मी पेठहून यायच्या आत. तेवढंच माझ्या पोराचं सुतक. तेही कात्रीनं कापून टाकायचं? मग त्याला कोणी रडलंच नाही असं होईल.

तुझ्या फोटोवर कुंकू लावलेलं आहे. वैजूनं काल विचारलं, "आजी, आता हे काय करायचं? पुसायचं का?" माझं पुसलं तेव्हा चार बायकांनी हात धरले होते. चौघी! एकीला वाटलं नाही की हिला विचारावं.

म्हणून तुला शब्द देते. दहाव्याला चुकीचा दिला होता, तो धरू नकोस. हा धर. दामू येणार नाही, हे मी आता मोठ्यानं म्हणेन, चौदसला, पिंडापुढं, सगळ्यांच्या देखत. आणि तुझ्या फोटोवरचं कुंकू मी असेपर्यंत कोणी पुसणार नाही. तुझ्या हातानं तू पुसलंस, तुझ्या हातानं परत लावलंस. त्याला हात लावणारी मी कोण?

चौदसला कावळा आला तर ये. नाही आला तरी ये.

हंड्यावर झाकण ठेवलंय.

तुझी,
आत्याबाई